पत्र तिला लिहू द्या

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला, प्रीलिममध्ये मार्क घसरले, घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून चित्रं करत बसते म्हणून तुम्ही ती सगळी पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलंत, तेव्हापासून ती धड बोलत नाहीये. आणि मला विचारताय की एवढी कापडाची हौस आहे तर टेक्स्टाईल इंजिनिअरिंगला घालू का.

मार्कांचं नंतर बघू, मला ते कुलूप जास्त खटकतंय. तुम्हीच लिहिलंय की एकच तुकडा तिने चार वेळा उसवला, आणि त्याला तुम्ही वेळेची नासाडी म्हणताय. अहो, कुणी मागे न लागता पोरगी चार वेळा उसवते म्हणजे तिला काहीतरी पटलेलं नाहीये! जुनं सुती कापड मध्येच विरलेलं असतं, तिरकं कापलं तर ताणलं जातं, शेजारी नवं कडक कापड आलं की शिवणीला चुण्या पडतात, हे हाताला कळायला उसवावंच लागतं. आजच कुलूप काढा, आणि काढताना अभ्यासाची अट घालू नका.

आता टेक्स्टाईल इंजिनिअरिंग. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. तिथे सूतकताई, विणाईची मशीन्स, धाग्याची ताकद, रंगाईचं केमिस्ट्री असतं, सोबत मॅथ्स-फिजिक्स. चांगलं क्षेत्र आहे, पण तिच्या कामाशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. तिला लागतं ते टेक्स्टाईल डिझाईन किंवा फाईन आर्ट. निफ्ट, एनआयडी या डिझाईन शिकवणाऱ्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा कुठल्याही शाखेतून बारावी करून देता येतात, आणि पुढच्या टप्प्यात हाताने काम करून दाखवावं लागतं.

चिंध्यांना कोण विचारतं, असंही लिहिलंय तुम्ही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यातली 1942 ची एक तर नवरा गेल्यावर त्याच्याच कपड्यांची आहे. 2002 मध्ये या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या. अर्थात त्या बायकांचं आयुष्य गरिबीत गेलं, त्यामुळे तुमच्या लेकीला यात लगेच पैसा मिळेल असं मी अजिबात म्हणणार नाही, कमाईची काळजी तुमची खरी आहे. पण ती काळजी तिच्याशी बसून बोला ना, परस्पर अ‍ॅडमिशन ठरवून नको.

तिला प्रत्येक कामाचे फोटो काढून ठेवायला सांगा, पुढून आणि मागूनही, मागच्या बाजूला टाके कळतात. आणि पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा.