पिकासोच्या 'गेर्निका' चित्राचं ऐतिहासिक संदर्भात विश्लेषण कसं करावं? त्यातला बैल कशाचं प्रतीक आहे?

बैलापासून सुरुवात करू नका. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मला हेच विचारलं होतं. परीक्षकांना ठरलेलं उत्तर हवं होतं: बैल म्हणजे फ्रँको (स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताक सरकारविरुद्ध उठलेला सेनापती), घोडा म्हणजे जनता, दिवा म्हणजे आशा. मी म्हटलं, सर, 1937 च्या जानेवारीत पिकासोने फ्रँकोची टर उडवणारी एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका सुरू केली. तिच्यात बैल फ्रँकोवरच शिंगं उगारून धावतो. चार महिन्यांत तोच बैल फ्रँको कसा झाला? आणि पिकासोच्याच 1935 च्या 'मिनोटॉरोमाकी' या एचिंगमध्ये बैलाच्या डोक्याचा माणूस, जखमी घोडा, मेणबत्ती धरलेली मुलगी सगळे हजर आहेत. तेव्हा स्पेनमध्ये यादवी सुरूही झाली नव्हती. सर म्हणाले, "नोट्समध्ये आहे तेवढंच सांगा." गुण कापले. वर्गातली निम्मी मुलं तीच ठरलेली यादी म्हणून पास झाली, याचा मला आजही राग आहे.

संदर्भ बघायचा तर तो असा. 26 एप्रिल 1937, सोमवार, बाजाराचा दिवस. हिटलरने फ्रँकोच्या मदतीला पाठवलेल्या काँडोर लीजन या हवाई दलाने आणि इटालियन विमानांनी उत्तर स्पेनमधलं गेर्निका हे बास्क लोकांचं गाव बेचिराख केलं. फ्रँकोच्या गोटाने कांगावा केला की बास्क लोकांनीच गाव पेटवलं. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनासाठी प्रजासत्ताक सरकारने पिकासोला काम आधीच दिलं होतं, विषय ठरत नव्हता. 1 मे रोजी त्याने पहिली रेखाटनं केली आणि महिन्याभरात पावणेआठ मीटर रुंद कॅनव्हास उभा राहिला. काळा, पांढरा, करडा. बातमी वर्तमानपत्रातून आली होती आणि घोड्याच्या अंगावरच्या बारीक रेघाही छापील ओळींसारख्या दिसतात.

आता पिकासोची सहचरी, छायाचित्रकार डोरा मार हिने काम चालू असताना काढलेले फोटो बघा. सुरुवातीला पडलेल्या सैनिकाची वळलेली मूठ, म्हणजे डाव्यांची सलामी, वर उठलेली आहे, पुढे तिच्यात धान्याच्या लोंब्या येतात. मग पिकासोने ती मूठच काढून टाकली. विमान नाही, बॉम्ब नाही, शत्रूचा गणवेश नाही. माझ्या मते खरं विश्लेषण इथे आहे: पक्षाचं पोस्टर होऊ शकणारं चित्र त्याने मुद्दाम पोस्टर होऊ दिलं नाही.

एक मात्र सांगायला हवं. 1945 मध्ये एका मुलाखतीत पिकासो म्हणाला होता की बैल म्हणजे फॅसिझम नव्हे, पण क्रौर्य आणि अंधार आहे. म्हणजे बैल निरागस नाहीच. तरी तो फ्रँको नाही. तुमच्या परीक्षकांनी हट्ट धरला तर ती एचिंग समोर ठेवा आणि गुण कापण्याचं कारण लेखी मागा. मी मागितलं होतं, मिळालं नाही.