कॅनडातील प्रेअरीवरील (गवताळ मैदानांतील) शेतावर ९३ वर्षे काढलेल्या सासूबाईंच्या स्मरणसभेत सुनेने पाच मिनिटांत काय बोलावे?

पाय (फळे भरून भाजलेला गोड पदार्थ), रजया आणि फुलबाग एवढ्यावरच बोलणार असाल, तर ते काम घरातील दुसऱ्या कोणावर सोपवा. तेवढे सांगायला गावातील निम्मी माणसे तयार असतील. आपण प्रश्नात सासूबाईंचे वर्णन ‘साध्या, घर सांभाळणाऱ्या’ असे केले आहे. सस्कॅचेवान प्रांतातील गव्हाच्या शेतावर घर सांभाळण्यात काय काय येत असे, हे मी माझ्या सासूबाईंकडून ऐकले आहे, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

माझ्या सासूबाई १९२६ साली वेबर्नजवळच्या एका शेतावर जन्मल्या आणि त्यांचे सारे बालपण दुष्काळात गेले. त्या अकरा वर्षांच्या असताना, ५ जुलै १९३७ रोजी, शेजारच्या यलो ग्रास गावात पारा ४५ अंशांवर गेला. कॅनडातील तो उच्चांक २०२१ पर्यंत मोडला नाही. धूळ बसू नये म्हणून जेवायला बसेपर्यंत ताटे पालथी ठेवत आणि खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबत. पूर्वेकडील प्रांतांतून मदत म्हणून आलेला खारवलेला कॉड मासा कसा शिजवायचा, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. मी रत्नागिरीची असल्यामुळे, खारा मासा आधी पाण्यात भिजवावा लागतो हे माहीत नसलेली माणसे असू शकतात, यावर माझा बराच काळ विश्वास बसला नव्हता.

लग्नानंतर त्या ज्या जमिनीवर आल्या, त्यातील १६० एकर सासऱ्यांच्या वडिलांनी १० डॉलर शुल्क भरून सरकारकडून मिळवली होती. त्या काळी विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर असा तुकडा मागताच येत नसे. सासूबाई पहाटे गाई पिळत, हाताने फिरवायच्या यंत्रावर दुधातून साय वेगळी करत, आणि सायीचे कॅन रेल्वेने क्रीमरीला, म्हणजे लोण्याच्या कारखान्याला, जात. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९४९ मध्ये झाला. त्यांच्या घरी दिवा त्यानंतर काही वर्षांनी लागला. साय आणि अंडी यांच्या पैशांतून किराणा, मुलांचे बूट आणि गहू गेला त्या वर्षी जमिनीचा करसुद्धा भागला. हे मी अंदाजाने सांगत नाही. त्यांनी हिशेबाच्या वहीत पेन्सिलीने सर्व लिहून ठेवले होते, आणि क्रीमरीचे चेक मात्र सासऱ्यांच्या नावे येत.

त्या गेल्यावर माझ्या थोरल्या दिरांनी निधनवार्तेचा मसुदा केला. त्यात जमीन कोणी वाढवली, पहिला कम्बाइन (कापणी-मळणीचे यंत्र) कोणी घेतला, हे वडिलांच्या नावाने आले होते आणि आईच्या वाट्याला रूबार्बचा (आंबट देठांच्या भाजीचा) पाय व चर्चमधील गायन. मी वही पुढे ठेवली, तेव्हा ‘अशा दिवशी पैशांचे बोलणे शोभत नाही’ असे उत्तर मिळाले. सासऱ्यांच्या सभेत एकर आणि बुशेल (धान्याचे माप) मोजून सांगितले गेले होते, तेव्हा ते कोणाला खटकले नव्हते. निधनवार्ता दिरांच्या मनाप्रमाणे छापली गेली. सभेत मी वहीतील दोन पाने वाचली.

हा केवळ आमच्या घरातील वाद नाही. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातील आयरिन मर्डोक यांनी रँचवर (गुरांच्या मोठ्या फार्मवर) वर्षानुवर्षे राबूनही १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मालमत्तेत वाटा नाकारला. रँचवरील कोणतीही पत्नी करते तेवढेच काम त्यांनी केले, असे मानले गेले. त्यावर मोठी खळबळ उडाली. १९७८ मध्ये सस्कॅचेवानमधील हेलन रॅथवेल यांना त्याच न्यायालयाने निम्मा वाटा दिला आणि प्रांतोप्रांती कायदे बदलले. शेतीच्या जनगणनेत तर १९९१ पूर्वी एका शेताचा एकच चालक नोंदवता येत असे, आणि तो बहुधा कोण असे हे सांगायला नको. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांची गोष्ट याहून वेगळी नाही. माझी आई त्यांतलीच.

म्हणून आपल्या सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या, क्रीमरीच्या पावत्या, जुनी पत्रे आधी शोधा. १९८० च्या सुमारास, प्रांताच्या पंच्याहत्तरीनिमित्त, अनेक गावांनी आपापले इतिहास छापले. तिथे कुटुंबाची नोंद असेल, पण ती कोणी लिहिली आहे याकडे लक्ष ठेवून वाचा. त्यांतून एकच काम निवडून ते तपशिलाने सांगा. स्वभावाची विशेषणे मुले सांगतीलच.

सर्वच बायका गाई पाळत नव्हत्या, हेही खरे. कोणी सुगीत धान्याचा ट्रक चालवत, कोणी शाळेत शिकवून शेत तगवत; आपल्या सासूबाईंचे काय होते ते नणंदांना विचारा. मसुदा नवऱ्याला आधी दाखवा. आणि भावंडांत जमिनीच्या वाटणीचा वाद चालू असेल, तर पैशांचे तपशील सभेत वाचू नका, लिहून घरातच द्या. त्या दिवशी प्रत्येक आकडा वाटणीसाठीच सांगितला असे समजले जाईल.