कार्यक्रमासाठी फेअर ट्रेड कॉफीचा स्पेशल ब्लेंड : रोस्टरला काय विचारायचं

संस्थेच्या वर्धापनदिनाला २०० पाहुण्यांना फेअर ट्रेड कॉफीचा (म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव देऊन घेतलेल्या कॉफीचा) खास ब्लेंड, म्हणजे मिश्रण, १०० ग्रॅमच्या पाकिटांतून द्यायचाय, पण माल खरंच फेअर ट्रेड आहे की नुसतं पाकीट नवीन हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. हे विचारलंत ते फार बरं केलंत.

रोस्टरला, म्हणजे कॉफी भाजून देणाऱ्याला, पहिला प्रश्न हाच की ब्लेंडमधली सगळी कॉफी फेअरट्रेड सर्टिफाइड आहे का. फेअरट्रेडचा शिक्का लावायचा तर त्यातली १००% कॉफी फेअरट्रेडच लागते, थोडी ही थोडी ती चालत नाही. मग शेतकऱ्यांच्या कुठल्या सहकारी संस्थेची आहे ते विचारा, ज्याला नाव पटकन सांगता येतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

आता पैशांचं. वॉश्ड अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची जात, वॉश्ड म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली) ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर फेअरट्रेडचा हमीभाव आहे (आधी १.४० होता), बाजार वर असेल तर बाजारभाव, आणि शिवाय पौंडाला २० सेंट प्रीमियम, म्हणजे भावावरची जादा रक्कम, जी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे जाते आणि कुठे खर्चायची ते सभासद शेतकरी ठरवतात. तुमची १०० ग्रॅमची २०० पाकिटं म्हणजे २० किलो भाजलेली कॉफी, भाजताना वजन १५-२०% घटतं म्हणजे कच्ची साधारण २४ किलो, ५३ पौंड धरा, त्याचा प्रीमियम जेमतेम साडेदहा डॉलर होतो! म्हणून पाकिटावर 'आमच्या सोहळ्यातून शेतकऱ्यांना मदत' असलं काही छापू नका प्लीज, शेतकऱ्याला त्याच्या मालाचा भाव मिळतोय, तो त्याचा हक्कच आहे. वेगळी देणगी द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती वेगळी लिहा.

चवीचं म्हणाल तर पेरू किंवा होंडुरासची कॉफी ६०-७०% बेसला आणि वरून वॉश्ड इथिओपिया, हे जमतं, खाली चॉकलेटसारखी गोलाई आणि वर लिंबू-फुलांचा वास. दोन्ही वेगवेगळ्या भाजून मग मिसळायला सांगा, बियांची घनता सारखी नसते, एकत्र टाकल्या तर एक पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. आणि पाहुणे दूध घालून पिणारे असतील तर सॅम्पलही दूध घालूनच चाखा, काळी पिऊन आवडलेला लाइट रोस्ट (हलकी भाजलेली कॉफी) दुधात पार हरवतो.

ऑर्डर मात्र लवकर द्या, कारण त्या सहकारी संस्थेचा माल रोस्टरकडे शिल्लक नसेल तर नवा यायला महिने जातात. भाजायचं शेवटी, कार्यक्रमाच्या ८-१० दिवस आधी, ताज्या कॉफीतून वायू निघत असतो म्हणून वॉल्व्हचं, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, पाकीट घ्या आणि त्यावर भाजल्याची तारीख हवीच, नुसतं बेस्ट बिफोर नको. दळून देणार असाल तर दळायचं काम अगदी शेवटच्या दोन दिवसांत, दळलेल्या कॉफीचा वास फार लवकर उडतो.