मेलबर्नला मुलाकडे येताय ना, मग बॅगांच्या आधी फोनचं बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही दोघं नाशिकहून मेलबर्नला मुलाकडे येताय, ८७० व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या तात्पुरत्या व्हिसावर, पाच वर्षांसाठी, दोघांची पेन्शन तिकडे, आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: भारतातला मोबाईल नंबर चालू ठेवायचा का, लॅपटॉप तिकडून आणायचा की इथे घ्यायचा, आणि मुलगा "मी सगळं बघतो आई" म्हणतोय तर या वयात आपण ते शिकत बसायचं का. मी इथेच, मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात राहते, सहा वर्षं झाली. कल्याण तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते, आमचे हे एमएसईबीत, म्हणजे कंप्युटर आमच्याही घराण्यात नव्हता. जे लिहितेय ते ठेचा खाऊन आलेलं आहे.

तिसऱ्याचं उत्तर आधी देते. मुलगा बघेल, मनापासून बघेल, पण भारतातली बँक सकाळी दहाला उघडते तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, इथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, अडीच, कारण ऑक्टोबर ते एप्रिल इथे घड्याळ तासभर पुढे असतं. त्या वेळी मुलगा मीटिंगमध्ये, आणि ओटीपी तुमच्या हातातल्या फोनवर, तोही चार-पाच मिनिटांत बाद होणारा. आमच्याकडे पहिलं वर्ष असंच गेलं, मी आकडे वाचायची, आमचा मुलगा म्हणायचा आई शेवटचे दोन परत सांग, तोवर वेळ संपलेली, मग त्याची चिडचिड आणि माझं तोंड एवढंसं. तेव्हा शिका. सगळं नाही, पण बँक, ईमेल, व्हिडिओ कॉल आणि फसवणूक ओळखणं एवढं तरी स्वतःचं स्वतः आलंच पाहिजे.

आता नंबर. ठेवायचाच, आणि जिवापाड जपायचा, कारण बँक, आधार, इन्कम टॅक्स, पेन्शन सगळं त्या एका नंबराला लटकलेलं असतं. आधारला परदेशातला नंबर जोडताच येत नाही. आणि आधारचा नंबर बदलायचं काम भारतात असतानाच उरकलेलं बरं, म्हणून निघायच्या आधी तुमच्या दोघांच्या आधारला नेमका कुठला नंबर जोडलाय ते बघा, हसू नका, आमच्या ह्यांच्या आधारला मुलाचा कॉलेजातला नंबर निघाला होता, जो बंद होऊन दहा वर्षं झालेली! प्रीपेड असेल तर वर्षाचं रिचार्ज मारा आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, कारण ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. म्हणजे तुमचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाला. आंतरराष्ट्रीय रोमिंग तिथे असतानाच चालू करून घ्या, इथे पोचल्यावर डेटा रोमिंग मात्र बंद, नाहीतर बिल बघून चक्कर येईल. फोन दोन सिमचा असेल तर भारतातलं सिम खरंखुरं कार्डच ठेवा आणि इथला नंबर ई-सिमवर घ्या. फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्यात घालता येतं, ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायला परत भारतातल्या कंपनीच्या मागे लागावं लागू शकतं.

आता ह्यांच्या फोनची गोष्ट सांगते, कारण तुमचंही तेच होईल. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथे टेलस्ट्रा आणि ऑप्टसनं थ्रीजी बंद केलं. आम्हाला वाटलं आपला फोन फोरजी आहे, आपल्याला काय. पण मेख अशी की बरेच परदेशात घेतलेले फोन इंटरनेट फोरजीवर चालवतात आणि इमर्जन्सीचा ०००, म्हणजे आपलं ११२, तेवढा मात्र थ्रीजीवरून लावतात, आणि असे फोन कंपन्यांना ब्लॉकच करावे लागतात. ह्यांचा नाशिकहून, आपलं, ठाण्याहून आणलेला चांगला धडधाकट फोन एका सकाळी नुसता घड्याळ बघायच्या लायकीचा उरला. मुलानं संध्याकाळी नवा आणला, फोटो आले, व्हॉट्सअ‍ॅप आलं, सगळे खूश. मग बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर ते म्हणतं की तुमच्या रजिस्टर्ड नंबरवरून मी आता एक एसएमएस पाठवतो. ओटीपी येणं वेगळं आणि एसएमएस जाणं वेगळं, हे आम्हाला तेव्हा कळलं. येणारा येत होता, पण जाणाऱ्याला रोमिंगचा पैसा लागतो आणि सिममध्ये बॅलन्स शून्य, नुसती व्हॅलिडिटी. पुण्याच्या भाचीनं टॉपअप मारला, तर एसएमएस जायचा पण इतका रमतगमत की अ‍ॅप कंटाळून "व्हेरिफिकेशन फेल" म्हणायचं, तीनदा झाल्यावर चोवीस तास बंद. शाखेत फोन केला तर तिथला मुलगा म्हणे काका, एकदा शाखेत येऊन जा ना. येऊन जा! चौथ्या दिवशी पहाटे परसात लिंबाच्या झाडाखाली फोन वर धरून उभे होते तेव्हा झालं. हे अजूनही म्हणतात लिंबाला सिग्नल चांगला येतो.

म्हणून फोन बदलायचा असेल तर आत्ता, नाशिकला बसून बदला, आणि सगळी बँकेची अ‍ॅप त्याच फोनवर तिथेच चालू करून या. पण घ्यायच्या आधी मुलाला मॉडेल कळवा, त्यानं इथल्या कंपनीकडून तपासून घ्यावं की या फोनवरून ००० लागतो का. जुनाच आणणार असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तो त्याला पाठवा. इथे आल्यावर फोन रिसेट करायचा नाही आणि प्ले स्टोअरचा देशही बदलायचा नाही, देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि भारतातली काही अ‍ॅप दिसेनाशी होतात.

बँकेचं थोडक्यात, कारण हे शाखेत जाऊनच होतं. लांब मुदतीसाठी देश सोडला की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागतं, ते निघायच्या आधी विचारा, सह्या तिथे सोप्या पडतात. एक फायदा, एनआरओ किंवा एनआरई, असं कुठलंही अनिवासी खातं असेल तर २०२३ पासून काही देशांतल्या मोबाईल नंबरवर यूपीआय चालवायची परवानगी आहे, त्यात ऑस्ट्रेलिया आहे, फक्त तुमची बँक ते देते का तेवढं विचारून घ्या. खात्याला ईमेल जोडलेला हवा आणि त्या ईमेलचा रिकव्हरी नंबरही बरोबर हवा. जीमेल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी, ते छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. सिम गेलं, फोन गेला, तरी पासवर्ड आणि त्यातला एक कोड टाकून ईमेल उघडतो. पासवर्ड वहीत लिहू नका असं सगळे शहाणे सांगतात, मी लिहिते. लाल वही, पीठाच्या डब्यामागे. दहा ठिकाणी एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा घरातली वही बरी.

हयातीचा दाखला. ह्यांची ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाली पेन्शन, तुटपुंजी आहे पण हक्काची, त्याचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तिथून वर्षभर चालतो, म्हणून निघायच्या आठवड्यात देऊन टाका. जीवन प्रमाण अ‍ॅपवर आता अंगठ्याचं मशीन लागत नाही, चेहऱ्यावर होतं, त्याला आधार फेस आरडी नावाचं दुसरं अ‍ॅपही घ्यावं लागतं. खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, डोळे मिचकवा म्हटलं की सावकाश मिचकवा. ह्यांनी पहिल्यांदा इतकी घाई केली की अ‍ॅपला वाटलं माणूस जिवंत नाही. माझ्या शिक्षक पेन्शनचा दाखला नोव्हेंबरमधला, तो मी इथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये पासपोर्ट घेऊन स्वतः जाऊन करते आणि मूळ कागद कुरिअरनं पाठवते, मेलबर्नमध्ये कॉन्सुलेट आहे हे एक बरं आहे. इन्कम टॅक्सचं रिटर्न इथून भरता येतं, पण भरल्यावर ३० दिवसांत व्हेरिफाय करायचं विसरू नका, आधारच्या ओटीपीनं होतं, म्हणजे परत तोच नंबर.

आता फसवणूक, यावर मी जरा जास्त बोलते. इथे आलात की महिन्याभरात फोन येईल, इंग्लिश बोलणारा गोड आवाज, मी एनबीएनच्या टेक्निकल डिपार्टमेंटमधून बोलतोय, तुमचं इंटरनेट आज बंद होणार आहे, कंप्युटर चालू करा. एनबीएन म्हणजे इथली इंटरनेटची सरकारी लाइन, आणि ते लोक असे आपणहून फोन करून तुमच्या कंप्युटरचा ताबा मागत नाहीत. पण नवा माणूस घाबरतो ना, व्हिसावर आलोय, काही चुकलं तर. मी एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला आपला कंप्युटर लांबून चालवू देणारं अ‍ॅप, उतरवून त्यातल्या नऊ आकड्यांतले सहा वाचून दाखवले होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी म्हटलं थांबा गॅस बंद करून येते, परत आले तर तो ओरडायला लागला. शिक्षिकेवर ओरडतो? ठेवला फोन. आता नियम असा, दुसऱ्याला स्क्रीन दाखवायची तर फोन मी लावलेला पाहिजे. भाचीला दाखवते तेव्हा विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरते, कंट्रोल, विंडोजचं बटण आणि क्यू एकदम दाबलं की उघडतं. भारतातून पोलीस, कस्टम, सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉल आला तर तो डिजिटल अरेस्टचा प्रकार, असली अटक कायद्यात नाहीच, कट करायचं. पैसे गेलेच तर आधी बँक, मग इथे स्कॅमवॉच ही सरकारी तक्रारीची साइट, आणि भारतातले असतील तर १९३० किंवा सायबरक्राइमचं सरकारी पोर्टल, १९३० तिथल्या नातेवाइकाकडून लावून घ्या.

शिकायचं कुठे, तर मुलाकडून नको, त्याला घाई आणि आपल्याला भीती. इथल्या सरकारचा बी कनेक्टेड नावाचा कार्यक्रम आहे, पन्नाशीपुढच्यांसाठी, फुकट, घरबसल्या धडे आहेत आणि बऱ्याच लायब्ररींत शिकवायला माणसंही असतात. मी मंगळवारी जायची, शेजारी एक ग्रीक आजी बसायची, तिला माझं इंग्लिश कळायचं नाही आणि मला तिचं, पण अटॅचमेंट डाउनलोड कुठे जाते हे तिनंच मला दाखवलं. फोनवर कुठल्या ऑफिसशी बोलायला इंग्लिश अडलं तर १३१४५० वर दुभाषी मिळतो, हिंदी नक्की मिळतं. तुमचा व्हिसाही कागदावर नसतो बरं का, पासपोर्टवर शिक्का शोधत बसू नका, ग्रांट लेटरची पीडीएफ ईमेलमध्ये येते, ती फोनमध्ये आणि छापून, दोन्ही ठेवा. ८७० वर मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, नाही, त्यामुळे विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची पीडीएफ पण त्याच फोल्डरमध्ये.

लॅपटॉप तिकडचाच आणा, हात बसलेला असतो. वीज इथेही २३० व्होल्टच, फक्त पिनांचा आकार तिरका, म्हणून एक अडॅप्टर घ्या आणि त्याला आपला भारतातला चांगला बोर्ड लावा, सगळे चार्जर त्यावर चालतात. मिक्सर पण चालतो, पण तो बोर्डावर नको, अडॅप्टरनं थेट भिंतीतल्या पॉइंटला लावा. मराठीसाठी फोनवर जीबोर्ड टाका, माइक दाबून बोललं की लिहून येतं, हे एवढं मोठं मी तसंच बोलून लिहिलंय, मध्ये चुकून "नाशिकहून" बोलून मग "ठाण्याहून" म्हटलं, तेही त्यानं तसंच लिहिलं बघा.

तिकीट काढलंत की दोन्ही फोनांची नेमकी मॉडेलं मला कळवा, आमच्या ह्यांना आता असलं शोधायचा नादच लागलाय.