दोन मस्टरवर एकच सही

परिचर्या व्यवसायातील नोकरी आणि पुढील शिक्षण यांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना आमच्या सल्लागार, ज्या स्वतः निवृत्त अधिसेविका (मेट्रन) आहेत, या सदरात उत्तरे देत आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंग झालेली असून नवी मुंबईतील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात साडेचार वर्षे स्टाफ नर्स आहे. मला एम.एस्सी. नर्सिंग करायचे आहे. परंतु घराच्या कर्जाचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो, त्यामुळे नोकरी सोडणे कठीण आहे. एका मध्यस्थाने परराज्यातील एक महाविद्यालय सुचवले आहे. तेथे केवळ परीक्षेपुरते जावे लागेल, हजेरीचे ते पाहून घेतील, असे तो सांगतो. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींनी अशीच पदवी घेतली आहे. दुसरा पर्याय म्हणजे कायमची नाईट मागून घ्यायची आणि दिवसा जवळच्या महाविद्यालयात जायचे. यांपैकी कोणता मार्ग धरावा?
— एक परिचारिका, ऐरोली

उत्तर : मध्यस्थाचा प्रस्ताव प्रथम बाजूला ठेवावा, आणि तो कायमचाच ठेवावा. एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही भागांत किमान ८० टक्के हजेरी हवी आणि पदवी हाती पडण्यापूर्वी क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाची, हजेरी पूर्ण १०० टक्के भरलेली हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. ‘हजेरीचे आम्ही पाहतो’ याचा अर्थ कोणीतरी आपल्या नावापुढे खोटी सही करणार, एवढाच होतो. त्याच तारखांना आपण नवी मुंबईत ड्युटीवर होता, याचा पुरावा मात्र आपल्याच नावाने दरमहा तयार होत राहतो. रुग्णालयातील अंगठ्याची हजेरी, पगाराची स्लिप आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ज्यात कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेने किती रक्कम भरली हे स्पष्ट दिसते, ही कागदपत्रे कोणालाच खोडता येत नाहीत. उद्या एखाद्या महाविद्यालयात पाठ्यनिर्देशिकेच्या (ट्यूटरच्या) जागेसाठी अर्ज करताना आपण अनुभवाचा दाखला आणि पदवीची गुणपत्रिका एकाच फाईलमध्ये लावाल, तेव्हा छाननी करणाऱ्याला दोन्हींवरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवण्यापलीकडे काहीही करावे लागणार नाही. परिचारिका म्हणून परदेशी नोंदणीसाठी अर्ज केल्यास शिक्षणाचे व क्लिनिकलचे तास महाविद्यालयाकडून प्रमाणित करून मागवले जातात, तिथेही हीच अडचण उभी राहील. ओळखीच्या दोघी-तिघींचे निभावले असे आपण म्हणता. त्यांना अजून कोणी विचारलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ मी घेईन. विचारणा होईल तेव्हा मध्यस्थाचा फोन बंद असेल आणि नोंदणी क्रमांक आपला असेल.

कायमच्या नाईटचा मार्ग प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याला अधिक सविस्तर उत्तर द्यायला हवे. आपण कॉलेजहून येऊन कशीबशी झोप काढली आणि दुपारी दोनला उठलात, असे अगदी सोयीचे वेळापत्रक धरू. रात्री आठला ड्युटी लागली, तर सकाळी सातला आपल्याला सलग १७ तास जाग झालेली असते. इतक्या जागरणानंतर माणसाची प्रतिक्रिया आणि अवधान रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते, असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याने घातलेली मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत आपल्याला स्कूटर चालवू दिली जाणार नाही, त्याच अवस्थेत आपण सकाळची औषधे देत असता, इन्सुलिन भरत असता आणि पुढच्या पाळीला ओव्हर देत असता. अतिदक्षता विभागातील सिरिंज पंपावर नॉरॲड्रेनॅलिनचा, म्हणजे रक्तदाब चढवणाऱ्या औषधाचा, वेग ०.५ ऐवजी ५ लागायला दशांशचिन्हाचे एक बटण चुकणे पुरेसे असते, हे मी आपल्याला सांगायला नको. त्यानंतर नऊला वर्ग सुरू होणार, आणि तो केवळ मागच्या बाकावर बसून ऐकायचा वर्ग नसतो. पोस्टिंग असेल तर पुन्हा दुसऱ्या रुग्णालयात, पुन्हा रुग्णांच्या जवळ उभे राहायचे असते. तिथे दुपारी चार वाजेपर्यंत जागरणाचे तास २६ होतात, आणि मुळात धरलेली ती दुपारी दोनपर्यंतची झोप या दिवसात कुठेच बसत नाही. हा क्रम दोन वर्षे चालवता येईल असे ज्या सांगतात, त्या एक तर वर्गात झोपतात किंवा वॉर्डात. तेव्हा हा मार्गही मी आपल्याला सुचवणार नाही.

आता उरते ते असे. पदव्युत्तर शिक्षण घेऊन आपल्याला शिकवायचे आहे की रुग्णाजवळच राहायचे आहे, हे आधी ठरवावे. पत्रात त्याविषयी काहीच नाही, आणि माझ्या मते बाकी सगळे निर्णय याच उत्तरावर अवलंबून आहेत. रुग्णाजवळ राहायचे असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्यासारखीसाठीच आहे. तो रेसिडेन्सी स्वरूपाचा असून त्यात सुमारे ८० टक्के भाग क्लिनिकलचा आणि २० टक्के लेखी विषयांचा असतो. विद्यार्थिनी अतिदक्षता विभागात पाळीने काम करते, तेच तिचे शिक्षण असते आणि त्याबद्दल तिला विद्यावेतन मिळणे अपेक्षित असते. नोकरी आणि पदवी यांची सांगड नियमांच्या चौकटीत राहून घालणारा मला माहीत असलेला हा सर्वांत सरळ मार्ग आहे. हा अभ्यासक्रम मोजक्याच संस्थांत चालतो; म्हणून संस्थेची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाच्या यादीत स्वतः पाहावी आणि विद्यावेतनाचा आकडा प्रवेशापूर्वी लेखी मागावा.

शिकवायचेच असेल, तर नेहमीची एम.एस्सी. करावी आणि ती दोन वर्षे मोकळी काढून करावी. त्यासाठी बी.एस्सी.ला एकूण ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, तो आपल्यापाशी आहेच. राजीनाम्याची घाई मात्र करू नये. आपली सेवा साडेचार वर्षांची आहे. पाच वर्षे सलग पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क निर्माण होतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये असतील, तर महिना २६ दिवसांचा धरून वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने ती रक्कम ५१,९२३ रुपये होते. कर्जाचे काही हप्ते त्यातून निघतात, आणि हे सहा महिने प्रवेश परीक्षेच्या तयारीला मिळतात. राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मागून पाहावी. सरकारी सेवेतील भगिनींसाठी अध्ययन रजेचे नियम आहेत. खाजगी रुग्णालयात ती मागावी लागते, आणि अनुभवी आय.सी.यू. सिस्टर परत येणार असेल तर मेट्रन अनेकदा शब्द टाकतात. नोकरीला लागताना बाँड लिहून दिला असेल किंवा मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाने ठेवून घेतली असतील, तर ती आधी सोडवून घ्यावी.

महाविद्यालय निवडताना आपल्या भागातील एक गोष्ट ध्यानात असावी. नवी मुंबईतील नावाजलेल्या परिचर्या महाविद्यालयांपैकी अनेक अभिमत विद्यापीठांची आहेत. त्यांची शुल्करचना आणि प्रवेशप्रक्रिया त्यांची स्वतःची असते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात. राज्य शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना आहे आणि खाजगी अभिमत विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने वीस मिनिटांत पोहोचता येते, एवढ्यासाठी महाविद्यालय निवडण्यापूर्वी हा हिशेब मांडावा आणि आपला अभ्यासक्रम व उत्पन्न सवलतीत बसते का, ते प्रवेश कक्षाकडे विचारावे.

शिक्षणाच्या काळात थोडी कमाई हवीच असेल, तर आठवड्याला एक ड्युटी, तीही शनिवारची नाईट, आणि तीही प्राचार्यांना लेखी कळवून, इतपत मी मान्य करीन. रविवारी झोप भरून काढता येते. त्यापलीकडची डबल ड्युटी नको.

प्रश्न : मी जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) झालेली, वय ३९, कळव्याला राहते आणि गेली बारा वर्षे एकाच नर्सिंग होममध्ये आहे. पदवी नसल्यामुळे मोठ्या रुग्णालयात इन्चार्जच्या जागेसाठी माझा विचार होत नाही. मुलगी दहावीला आहे. नोकरी न सोडता पदवी मिळेल का? या वयात शोभेल का?
— एक वाचक, कळवा

उत्तर : मिळेल. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा पदविकेनंतरचा पदवी अभ्यासक्रम सेवेत असलेल्या परिचारिकांसाठीच आहे. नेहमीचा पोस्ट बेसिक दोन वर्षांचा आणि पूर्णवेळ असतो. इग्नूचा किमान तीन वर्षांचा आहे आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर जी.एन.एम. केले असल्यास दोन वर्षांचा अनुभव पुरतो, आणि आपला त्याहून कितीतरी अधिक आहे. ‘दूरशिक्षण’ म्हणजे घरबसल्या पदवी, असा मात्र समज करून घेऊ नये. संपर्कवर्ग आणि प्रात्यक्षिके नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष करावी लागतात, आणि त्या तारखा नर्सिंग होमच्या सोयीने येत नाहीत. म्हणून सी.एल. आणि जमलेल्या सुट्ट्या वर्षाच्या आरंभीच उधळू नयेत. ही सवलत पदवीपर्यंतच आहे, पुढे एम.एस्सी. करायची झाल्यास ती दूरशिक्षणाने करण्याचा नाद धरू नये. पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त पात्रतेची नोंद करायला विसरू नये. ती नसल्यामुळे अर्ज अडलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. वयाचे म्हणाल, तर मुलीच्या दहावीचे हे वर्ष प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला चांगले आहे, कारण घरातला टी.व्ही. तसाही बंदच असणार.

प्रश्न : मी ठाण्यातील एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. आमच्याच वॉर्डातील एक सिस्टर रजा घेऊन एम.एस्सी. करीत आहे आणि डिसर्टेशनसाठी (प्रबंधासाठी) आमच्याच रुग्णांमधील दाबव्रणांची, म्हणजे बेडसोरची, माहिती गोळा करू इच्छिते. ‘तिच्या रजेत नाईट आम्ही केल्या, आता ही आमच्या चुका शोधायला आली,’ असे बाकीच्या मुली म्हणतात. मी परवानगी द्यावी का?
— एक परिसेविका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : परवानगी आपण एकट्याने द्यायची नसते, हे आपल्या दृष्टीने सोयीचेच आहे. तिच्या संस्थेच्या नैतिकता समितीचे मंजुरीपत्र आणि आपल्या वैद्यकीय अधीक्षकांचे पत्र, ही दोन्ही हाती आल्याशिवाय एकाही रुग्णाचा केस पेपर तिला उघडू देऊ नये. ती कालपर्यंत याच रुग्णांच्या खाटेशी उभी राहणारी सिस्टर होती आणि उद्या पुन्हा असेल. अशा सिस्टरला नकार दिला तर आपली हेळसांड होईल, असे रुग्णाला वाटू शकते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नेमक्या अशा दडपणाविषयी सावध केले आहे. म्हणून संमती तिने स्वतः न घेता त्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या कोणाकडून घ्यावी, संमतिपत्र रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत असावे आणि त्याची एक प्रत त्याच्याकडे राहावी.

मुलींची तक्रार मी निम्मी खरी मानते. नाईट त्यांनी खरोखरच केल्या आहेत. त्यांची भरपाई ड्युटी लिस्टमध्ये व्हायला हवी आणि ती सिस्टर परतल्यावर पहिले काही महिने सणावाराच्या ड्युट्या तिच्याकडे जाव्यात, असे आताच सर्वांसमक्ष ठरवावे. चुका शोधण्याची भीती मात्र दूर करता येते. तिच्या नोंदींत कोणत्याही सिस्टरचे नाव वा पाळी असू नये आणि त्या नोंदी वार्षिक मूल्यमापनासाठी वापरल्या जाऊ नयेत, असे अधीक्षकांच्या पत्रातच यावे.

ती बहुधा दाबव्रणांचा धोका मोजणारी ब्रेडन स्केल वापरील. त्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, पोषण इत्यादी सहा बाबींवर गुण देतात. बेरीज ६ ते २३ यांमध्ये येते आणि ती जितकी कमी तितका धोका अधिक. आपल्या वॉर्डात हे गुण दाखल होतानाच लिहिले जात नसतील, तर तिच्या निमित्ताने ती पद्धत सुरू करून घ्यावी. मुलींना त्यात अभ्यासापेक्षा स्वतःचा उपयोग दिसेल. एक अट मी कधीही सोडणार नाही. मोजणी करताना एखाद्या रुग्णाच्या माकडहाडावर दाबल्यावरही न मावळणारी लाली, म्हणजे दाबव्रणाची सुरुवात, दिसली, तर ती वहीत लिहून तिने पुढच्या खाटेकडे जाता कामा नये. त्याच क्षणी ड्युटीवरील सिस्टरला सांगावे, दोघींनी मिळून त्या रुग्णाला कुशीवर करावे, आणि मगच नोंद करावी. ही अट तिच्या मार्गदर्शिकेलाही लेखी कळवावी, म्हणजे अशा रुग्णाची नोंद अभ्यासात कशी धरायची, हे माहिती गोळा करायला सुरुवात होण्याआधीच ठरेल.