फिजिक्सची मुलगी म्हणते मेंदूवर काम करायचंय

नमस्कार, तुमचं पत्र वाचलं. मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला, अकरावीतच बायोलॉजी सोडलेलं, आणि आता यूट्यूबवर सायनॅप्सचे (मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात त्या जागेचे) व्हिडिओ बघून म्हणते न्यूरोसायन्सच करणार, तर हे खूळ आहे का आणि परत बायोलॉजीची डिग्री करावी लागेल का, असं विचारलंय तुम्ही.

खूळ नाही हो. आणि परत डिग्री तर अजिबात नको, तिचं फिजिक्सच इथे कामाला येणारे.

न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या, फांद्यांवर बारीक कोंब असतात, त्यांना स्पाइन म्हणतात, काहाल नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाने ते 1888 मध्येच पाहिलेले. पण कोंबाच्या आत काय कुठे बसलंय ते साध्या मायक्रोस्कोपमधून कळायचंच नाही, कारण साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जवळ असलेले दोन ठिपके प्रकाशात एकच दिसतात आणि या कोंबांवरच्या सायनॅप्सचा सगळा कारभार चालतो त्याहून बारीक जागेत. ही भिंत फोडली बेट्झिग, हेल आणि मोअर्नर यांनी, 2014 चं नोबेल (तेही केमिस्ट्रीचं, घ्या!). मग दिसलं की ग्लुटामेट (निरोप नेणारं रसायन) पकडणारे रिसेप्टर नावाचे रेणू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, साधारण 70-80 नॅनोमीटरच्या पुंजक्यांत असतात, आणि 2016 मध्ये कळलं की पलीकडच्या न्यूरॉनमधून ग्लुटामेट जिथे सुटतं त्याच्या बरोब्बर समोर हे पुंजके असतात. एसटीचं दार जिथे येतं तिथेच गर्दी, तसं. पुंजका जरा बाजूला सरकला की सिग्नल कमजोर.

हे मोजायला ऑप्टिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि पायथनमधलं प्रोग्रामिंग लागतं, बेडूक कापता येणं नाही. तेव्हा एमएस्सी फिजिक्सच करू द्या, बायोलॉजी वाचून भरून निघते. पुढे पीएचडीसाठी टीआयएफआर, एनसीबीएस या संशोधन संस्थांची जेजीबिल्स ही प्रवेश परीक्षा आहे, आणि बंगलोरच्या आयआयएससीत तर सायनॅप्सच्या याच नॅनो रचनेवर काम चालतं.

आता पैशाचं, कारण खरी काळजी तीच असणार. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा, फेलोशिप सुरुवातीला महिना 37,000, घरभाडं भत्ता वेगळा. त्यानंतर कायमची नोकरी पटकन मिळत नाही हे मी लपवणार नाही, घरात दोन वर्षांत पगार यायलाच हवा असेल तर आत्ताच तिच्याशी मोकळं बोला. इमेज अ‍ॅनालिसिस हाताशी असलं की कंपन्यांतही दार उघडं राहतं म्हणा.

तोवर फिजी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून द्या आणि नेटवरच्या न्यूरॉनच्या फोटोंमधले स्पाइन मोजायला सांगा, रोज तासभर. कंटाळवाणं काम आहे. पंधरा दिवसांनी तरी मजा येत असेल तर मला परत लिहा, पण तेव्हा पत्र तिलाच लिहू द्या.