ऑनिंगचे (उन्हापावसासाठी लावायच्या कापडी छताचे) अ‍ॅल्युमिनियमचे दांडे एकमेकांत अडकतात आणि हाताला काळं लागतं. तेल लावलं तर चालेल का?

तेल नको. मीही तेच करून बसलो होतो. शिवणयंत्राचं तेल सोडलं, तेव्हा दांडे मस्त सरकायला लागले. नंतर समुद्रकिनाऱ्यावर एकदा ऑनिंग लावलं आणि तेलात बारीक वाळू बसून चक्क पॉलिश पेपरसारखा लगदा तयार झाला. आतल्या नळीवर उभे चरे पडले, ते अजून आहेत.

काळं लागतं ती घासून निघालेल्या अ‍ॅल्युमिनियमची आणि त्याच्या ऑक्साइडची बारीक पूड असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त कापडाला डाग पडतात. पांढरी, खरखरीत भुकटी दिसली तर मात्र ओल आणि मीठ धातू खातंय असं समजा.

दांडे पूर्ण वेगळे करा. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून बाहेरून फडक्याने पुसा आणि आतून काठीला चिंधी गुंडाळून फिरवा. पहिली चिंधी काळीकुट्ट निघेल, तिसरी-चौथी जरा बरी. पांढऱ्या डागांवर नायलॉनची घासणी हलक्या हाताने चालते. तारेची घासणी नको, तिचे लोखंडी कण अडकून तिथेच गंज धरतो. कॉस्टिक सोडा असलेला क्लीनर तर अजिबात नको, तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो. दांडे रंगीत अ‍ॅनोडाइझ्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर चढवलेले असतील तर पॉलिश पेपरही लावू नका, तो संरक्षक थर पातळच असतो.

शेवटी साध्या पाण्याने खळखळून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग सांध्यावर कोरडा सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून पुसण्यापुरताच. तुमचे दांडे पिळून घट्ट करायचे असतील तर आतल्या प्लास्टिकच्या लॉकला तो लागू देऊ नका. ते घर्षणावर धरतं, निसटलं की छत डोक्यावर. स्प्रिंगचं बटण असेल तर ते काढून गंज पुसा. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम आधी झिजतं.

सांधा निघतच नसेल तर फक्त बाहेरच्या नळीवर गरम पाणी ओता, ती किंचित फुगते. लगेच पिळत ओढा. पक्कड लावू नका, नळी चपटी होते आणि मग ती पुन्हा सरळ सरकत नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर धुवायला वेळ नसेल तर दांडे निदान उघडेच ठेवा. ओले दांडे पिशवीत कोंबले, की पांढरी भुकटी आलीच.